पोसिदोनियाच्या भट्टीचा अर्धा वाटा

मी दामिस, फ्रासोनचा मुलगा, राहणार पोसिदोनिया, नदीवेशीजवळची कुंभारआळी, धंदा भांडी घडवणे व रंगवणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवीत आहे. आमच्या गावाला डोंगरातून येऊन धनी झालेले लुकानी लोक पाइस्तोम म्हणतात. कोणत्याही नावाने मजकूर ग्राह्य धरावा. प्रकृती ठीक आहे. आणखी काही द्राक्षांचे हंगाम पाहीन असे वाटते, पण माझ्या वाटण्याप्रमाणे आजवर फारसे घडलेले नाही, म्हणून आजच लिहितो. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. मी प्यालेलो नाही. सकाळी जवाची पेज घेतली, तेवढीच पोटात आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. मात्र ती गोंधळलेली आहे, आणि आज नव्हे, बरीच वर्षे गोंधळलेली आहे. गोंधळ म्हणजे वेड नव्हे, एवढे साक्षीदारांनी सहीपूर्वी ध्यानात घ्यावे. माझे जावई त्रेबिस तो मुद्दा काढतील.

पहिले कलम, घराबद्दल. पुढची खोली, मागची खोली, अंगण, विहीर आणि अंजिराचे झाड हे सर्व माझी एकुलती एक मुलगी थेआनो हिचे. तिची आई तिला जन्म देतानाच गेली. ती या घरात वाढली, चालायला लागण्याआधी तिने मातीत हात घातला. तिचे यजमान त्रेबिस यांनी घरात राहावे, पण घोड्याचे खोगीर पुढच्या खोलीत टांगू नये. तिथे भांडी वाळतात. त्रेबिस लुकानी आहे, स्वार आहे, कमरेचा काशाचा पट्टा झोपतानाही सोडत नाही. ही सोयरीक झाली तेव्हा आमच्या आळीने नाके मुरडली होती. मी लग्नाचे भांडे रंगवले आणि त्यावरच्या नवरदेवाच्या कमरेला तोच पट्टा काढला. ते भांडे हातात घेऊन हा एवढा मोठा गडी घोड्याआड जाऊन रडला. त्या दिवसापासून तो मला आवडतो. त्याला हे कधी सांगितले नाही, आता कळेल. तो वाईट माणूस नाही. त्याला फक्त प्रत्येक गोष्टीचे टोक दुसऱ्या टोकाला जुळलेले लागते, आणि माझ्या घरात ते जुळत नाही.

दुसरे कलम, दावोसबद्दल. दावोस हा माझा माती तुडवणारा गुलाम होता. मी मेल्यावर तो सुटेल असे मी पूर्वी ठरवले होते. मग आमच्याकडच्या सीकोनने (याच्याविषयी पुढे बरेच लिहायचे आहे) एकदा जेवताना म्हटले की मेल्यावर सोडणे म्हणजे आपले पोट भरल्यावर उष्टे पुढे सरकवणे. तो घास मला गिळवला नाही. गेल्या वसंतात देवळात नेऊन दावोसला मोकळे केले. दुसऱ्या दिवशी तो माती तुडवायला आला, पण उशिरा आला, आणि मुद्दाम उशिरा आला. भट्टीमागची खोली त्याची. त्याला तिथून कोणी उठवू नये.

तिसरे कलम. नदीकाठची मातीची खाण आमची आहे, शेजारच्या ओनासोसची नाही. तो रात्रीतून आमच्या बाजूने खणतो हे मला ठाऊक आहे. त्याच्यावर फिर्याद करू नये. माती संपत नाही, ओनासोस संपेल. मात्र माझ्या भांड्यांवरचा पांढऱ्या दाढीचा म्हातारा वनदेव हुबेहूब त्याच्या सासऱ्यासारखा दिसतो असे त्याने गावभर सांगितले, ते मी विसरलेलो नाही. ते खरे होते. पण सांगायची गरज नव्हती.

चौथे कलम, हत्यारांबद्दल. चाक, कुंचले, पांढऱ्या रंगाचे भांडे आणि रेघ ओढण्याचा एका केसाचा कुंचला, हे सर्व थेआनोचे. वस्त्रांच्या काठावरचे ठिपके ती माझ्यापेक्षा चांगले काढते. मी ठिपके मोजत काढतो. ती न बघता काढते.

आता पाचवे कलम, आणि त्यासाठीच हा सगळा खटाटोप.

माझे वडील फ्रासोन यांनी मरताना आळीतल्या वडीलधाऱ्यांना बोलावून सांगितले होते की भट्टी, कारखाना आणि खाण यांचा अर्धा वाटा दामिसचा आणि अर्धा लेओनचा. लेओन हा माझा धाकटा भाऊ. तो तेव्हा घरात नव्हता. वडील म्हणाले, लेओन परत येईल तेव्हा त्याला त्याचा वाटा द्यावा. आणि त्याला मरताना डोळ्यांनी पाहिलेला माणूस येऊन तसे सांगेल, तरच तो वाटा दामिसचा व्हावा. तेव्हापासून मी तो अर्धा वाटा सांभाळतो आहे. भट्टी अर्धी कशी सांभाळतात हे मला कोणी सांगितले नाही.

लेओन का गेला ते सांगितले पाहिजे. आमच्या वडिलांची भांडी लांबून ओळखू यायची. दोन्ही बाजूंना पंख्यासारख्या पानांची उभी नक्षी, तिला आम्ही नुसते ‘पान’ म्हणतो, मधे माणसे, वस्त्रांच्या काठाला ठिपक्यांची रांग, आणि वरच्या बाजूला खिडकीतून डोकावल्यासारखे अर्धे अर्धे देव. एवढ्या चौकटीत जग बसवायचे. लेओन विशीत असताना लोकरवाल्यांबरोबर तारासला जाऊन आला आणि बिघडून आला. तिथे म्हणे माणसाच्या उंचीची भांडी करतात. मधोमध पांढरे थडगे, थडग्यात पांढराशुभ्र रंगवलेला मेलेला माणूस, भोवती फुलेच फुले, एक बोट जागा मोकळी नाही. लेओनला तेच करायचे होते. वडील म्हणाले, ‘‘त्या भांड्यांना बुडाला भोक असतं. ज्यात पाणी राहत नाही ते भांडं नव्हे.’’ लेओन म्हणाला, ‘‘मेलेल्याला पाणी कशाला लागतं?’’ दोघेही आपापल्या जागी बरोबर होते असे मला तेव्हाही वाटले होते, आणि त्यामुळे मी कोणाच्याच बाजूने बोललो नाही. एका सकाळी तो गेला. आईने बांधून दिलेली सुक्या अंजिरांची पुरचुंडी तेवढी घेतली. तो तारासला पोचल्याचे कळले. पुढे एका खलाशाने सांगितले की तो समुद्रापलीकडे सिकेलियात आहे. मग काहीच कळले नाही. आई गेली, वडील गेले. आमची थोरली बहीण मिर्ताले हिने मात्र त्याच्या नावाची थाळी मांडणे सोडले नाही.

मिर्ताले हेरादेवीच्या जत्रेत मातीच्या मूर्ती विकायची. हातात डाळिंब घेतलेली बसलेली देवी, नवसाची. एका जत्रेला नदीच्या मुखाशी लिपारा बेटाची गलबते लागली. तिने एका उतारूला पाहिले, मूर्ती तशाच टाकल्या आणि पाण्यात उतरून त्याचे उपरणे धरले. हे मी पाहिलेले आहे, कारण त्या मूर्ती मी गोळा केल्या.

‘‘लेओन,’’ ती म्हणाली. ‘‘आईला रडवलंस ते पुरे नाही झालं? आता ओळखही नाही द्यायची?’’

तो माणूस गांगरला. म्हणाला, ‘‘बाई, मी सीकोन. लिपाराचा. भांडी रंगवतो. इथं काम मिळतं का बघायला आलोय.’’

‘‘भांडी रंगवतो म्हणे,’’ मिर्ताले मला म्हणाली, जणू खटला तिथेच संपला.

मी त्याच्याकडे पाहिले. कपाळ आमच्या वडिलांचे होते. पण तसे कपाळ बंदरावर आणखी दोघांचे होते. लेओनच्या मनगटावर भट्टीचा भाजल्याचा डाग होता. याच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत डाग होते. कुंभाराच्या हातावर भाजल्याची खूण शोधणे म्हणजे कोळ्याच्या अंगाला मासळीचा वास शोधणे. मी त्याला कामावर ठेवले. भाऊ म्हणून नव्हे, कारण तो नाही म्हणत होता. परका म्हणूनही नव्हे, कारण मिर्ताले घरात त्याचे अंथरूण घालून मोकळी झाली होती.

त्याची रंगवण्याची तऱ्हा आमची नव्हती. आम्ही माणसांचा आकार मातीच्या रंगात सोडतो, भोवती काळा लेप देतो, आणि भट्टी जे काही करायचे ते करते. तो भांडे भाजून झाल्यावर रंगवायचा. पांढऱ्यावर आकाशी, गुलाबी, पिवळा. एकच बाई, बसलेली, नवरीच्या वेशात, कोणाची तरी वाट पाहत असलेली. लिपाराचे लोक मेलेल्याबरोबर असली भांडी पुरतात. मी ओला अंगठा फिरवला तर आकाशी रंग अंगठ्यावर आला.

‘‘हा पुसतो,’’ मी म्हणालो.

‘‘मेलेल्याला भांडं घासावं लागत नाही,’’ तो म्हणाला.

मला चाळीस वर्षांपूर्वीचे ते पाण्याविषयीचे वाक्य आठवले आणि हातातले भांडे मी फार सावकाश खाली ठेवले. पण मग वाटले, मेलेल्यांची भांडी करणारे सगळेच असे बोलत असतील.

पुढे एकदा लुकानी सरदाराच्या घरचे काम आले. स्वार लढाईवरून परत येतो, छातीवर तीन तबकड्यांचे चिलखत, बायको वाडग्यातून द्राक्षरस देते. त्या लोकांना तेच चित्र लागते, कारण त्यांच्यापैकी बरेच जण परत येत नाहीत. मी माणसे काढली आणि सीकोनला सांगितले की कडेचे पान तू काढ. त्याने भांडे उचलले, तोंडावर उलटे उभे केले आणि पान टोकाकडून देठाकडे काढू लागला. असे आमचे वडील काढायचे. त्यांनी हे कोणाकडून घेतले माहीत नाही, पण मी आयुष्यात दुसऱ्या कोणाला असे करताना पाहिले नाही. मी स्वतः करत नाही. मला जमले नाही. लेओनला जमायचे. मिर्ताले पाणी घेऊन येत होती, ती दारातच खाली बसली.

मी विचारले, ‘‘हे कुठं शिकलास?’’

‘‘उस्तादाकडं.’’

‘‘कोण उस्ताद?’’

‘‘लिपारात एक जण होता. सगळे त्याला ‘पोसिदोनियाचा’ एवढंच म्हणायचे.’’

‘‘मग त्याचं काय झालं?’’

‘‘गेला,’’ सीकोन म्हणाला, आणि भांडे सरळ केले.

हा एक शब्द आमच्या घरात पुढे कितीतरी दिवस नांदला. गेला म्हणजे वारला, की गेला म्हणजे निघून गेला? मी विचारले तर तो म्हणाला, ‘‘गेला म्हणजे गेला. एका सकाळी जागेवर नव्हता.’’ मिर्ताले म्हणाली, हा स्वतःविषयीच बोलतोय, तुम्हाला कळत कसे नाही. जो माणूस इथून एका सकाळी गेला तोच तिथूनही गेला आणि इथे आला. त्रेबिस म्हणाला, तसे असेल तर त्याने तसे सांगावे. आणि उस्ताद मेला असेल तर तेही सांगावे. काहीतरी एक असेलच ना. त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. लेओन मेला असेल तर सगळे माझे आणि माझ्यामागे थेआनोचे. लेओन जिवंत असेल तर अर्धे त्याचे. दोन्ही नसेल तर कोणाचे?

शेवटी त्रेबिसने प्रकरण नगरप्रमुखापुढे नेले. नगरप्रमुख स्तेनिस, लुकानी, शांत माणूस, नीट ऐकून घेणारा. त्याने सीकोनला देवासमोर शपथ घ्यायला लावून विचारले की तू फ्रासोनचा मुलगा लेओन आहेस का. सीकोन म्हणाला, नाही. तुझा बाप कोण? आठवत नाही, म्हणाला. लहानपणी बेटावर चाच्यांनी आणून सोडलेली बरीच मुले होती, त्यातला मी. मग लेओनला मरताना पाहिलेस का? म्हणाला, पोसिदोनियाचा तो लेओन होता की नाही हे मला माहीत नाही, आणि मी त्याला मरताना पाहिले नाही.

त्रेबिस मधेच म्हणाला, ‘‘अरे, पण हो म्हणालास तर अर्धी भट्टी मिळेल तुला. कुठला माणूस नाही म्हणेल?’’

‘‘जो नाही तो,’’ सीकोन म्हणाला.

स्तेनिसने बराच वेळ दाढी खाजवली आणि निकाल दिला की जे आहे ते तसेच राहू द्यावे. बाहेर पडताना तो माझ्या कानाशी वाकून म्हणाला, ‘‘दामिस, मला विचारशील तर हा तुझा भाऊ आहे. पण शपथेवर नाही म्हणणाऱ्याला मी हो कसं म्हणू?’’

या वर्षांत मी दोन्ही बाजूंनी जेवढे मिळाले तेवढे गोळा केले. लेओनला वाम मासा चालायचा नाही, उलटी व्हायची. सीकोन वाम चाटूनपुसून खातो. पण चाळीस वर्षांत माणूस वाम खायला शिकत नाही का? लेओन काम करताना गुणगुणायचा. सीकोन मुका असतो. पण लेओन गुणगुणायचा तेव्हा त्याचे वय काय होते? सीकोनला विहीर कुठे आहे हे पहिल्या दिवशी विचारावे लागले नाही. पण विहीर अंगणातच असते; आणखी कुठे असणार? दरसाल शरदात आम्ही लुकानी येण्याआधीची जुनी माणसे एकत्र जमतो, पूर्वजांनी समुद्रापलीकडून आणलेले शब्द आणि महिन्यांची नावे म्हणतो, विसरलेल्या शब्दांसाठी रडतो. सीकोन तिथे आला, सगळे रडले तेव्हा तोही रडला. मी विचारले तर म्हणाला, ‘‘इतकी माणसं रडत असताना कोरडं कसं बसायचं?’’

एका संध्याकाळी थेआनो माझ्यावर चिडली. ती सीकोनला काका म्हणते, यावरून त्रेबिसशी तिचे वाजले होते. त्रेबिस म्हणत होता, काका म्हणालीस की नाते कबूल केलेस. ती म्हणाली, शेजाऱ्यालाही काकाच म्हणतात. मग माझ्याकडे वळून म्हणाली, ‘‘बाबा, तुम्हाला भाऊ हवाय की उत्तर हवंय, ते एकदा ठरवा.’’ मला दोन्ही हवे होते.

मग मिर्ताले आजारी पडली. तिला पाणीसुद्धा पोटात ठरेना. पडल्या जागेवरून ती दाराकडे बघायची आणि लेओन, लेओन करायची. सीकोन दारात यायचा, पाणी ठेवायचा, निघून जायचा. मी त्याला अंगणात गाठले. भर दुपार होती, झाडावरचे किरकिरणारे किडे सोडून सगळे प्राणी सावलीला गेले होते. मी त्याला म्हणालो की तुझे काय जाते? एक शब्द बोल. तू नसलास तरी बोल.

तो म्हणाला, ‘‘जन्मभर खरं माणूस शोधत बसलेल्या बाईला जाता जाता खोटं देऊन पाठवू?’’

‘‘आणि खरं असेल तर?’’

त्याने माझ्याकडे पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो माझ्याइतकाच गोंधळलेला दिसला, आणि तो कशाने गोंधळला असेल हे मला आजही कळलेले नाही. मग तो आत गेला. मी उंबऱ्यावर उभा होतो. त्याने तिचे पाय ओल्या फडक्याने पुसले. ती म्हणाली, ‘‘लेओन, आईला भेटलास का रे?’’ तो दुसरा पाय पुसू लागला. तिने पुन्हा विचारले. तेव्हा तो तिच्या केसांवरून हात फिरवीत म्हणाला, ‘‘झोप आता, खेकडे.’’

मिर्ताले लहानपणी आम्हा भावांना चिमटे काढायची, म्हणून आम्ही तिला खेकडी म्हणायचो. आई, लेओन आणि मी, एवढ्यांनाच ते नाव ठाऊक; ती स्वतः ते कोणाला कळू देत नसे. ती हसली. संध्याकाळपूर्वी ती गेली. इथे ‘गेली’ या शब्दाचा एकच अर्थ आहे.

तिचे दहन झाले त्या रात्री मला वाटले, हा लेओनच. मग हळूहळू वाटू लागले की भट्टीजवळ बसून मी या माणसाला इतक्या वर्षांत काय काय सांगितले नाही? आईच्या गुडघ्यांचे दुखणे सांगितले, वडिलांची शिवी सांगितली. खेकडी सांगितली असेन का? आठवत नाही. सांगितली असेन तर तो दयाळू माणूस आहे. सांगितली नसेन तर तो माझा भाऊ आहे. मी रात्रंदिवस आठवून पाहिले. कधी मला मी सांगताना दिसतो, अगदी त्याच्या हसण्यासकट. कधी मुळीच दिसत नाही.

तिच्यासाठीचे भांडे आम्ही दोघांनी केले. बाजूची पाने आणि ठिपके मी काढले, मधली बसलेली बाई त्याने आकाशी आणि गुलाबी रंगात काढली. असे भांडे पोसिदोनियातही कोणी केलेले नाही आणि लिपारातही नाही. ओनासोस पाहायला आला आणि म्हणाला, हे कुठल्या गावचे म्हणायचे? दोघांनाही सांगता आले नाही. ते तिच्या अस्थींबरोबर जमिनीत आहे.

वरील सर्व लक्षात घेऊन मी असे ठरवतो. भट्टी, कारखाना आणि खाण यांचा जो अर्धा वाटा माझा आहे आणि जो अर्धा वडिलांनी लेओनसाठी राखला आहे, त्यांपैकी:

माझ्या घरात सीकोन या नावाने राहणारा माणूस सीकोनच राहिला, तर माझा अर्धा वाटा मी त्याला देतो. माझा वाटा माझा आहे. तो मी परक्याला देऊ शकतो. अशा वेळी लेओनचा वाटा थेआनोने सांभाळावा, जसा मी सांभाळला.

तोच माणूस लेओन ठरला, तर त्याचा स्वतःचा अर्धा वाटा त्याचा आहेच. मग माझा अर्धा थेआनोचा.

म्हणजे कसेही फिरवले तरी अर्धे त्याचे आणि अर्धे थेआनोच्या हाती. त्रेबिसने कृपया हे दोनदा वाचावे. दुसऱ्यांदा वाचताना राग कमी येतो, मी करून पाहिले आहे.

आणि उद्या तिसराच कोणी म्हातारा बंदरावर उतरून मी लेओन म्हणाला आणि ते सिद्ध झाले, तर थेआनोने सांभाळलेला वाटा त्याला द्यावा लागेल, आणि थेआनोला घर, हत्यारे आणि तिचा हात एवढेच उरेल. हे तिच्यावर अन्यायाचे आहे. पण वडिलांचा शब्द मोडायचा अधिकार मला नाही. मी तिला हे तोंडी सांगितले आहे. ती म्हणाली की तिसरा आला तर त्यालाही ठिपके काढायला बसवू.

सहावे कलम. आमच्या कुळाच्या थडग्यात आईच्या डाव्या हाताला एक जागा रिकामी ठेवलेली आहे. ती सीकोनने मागितली तर त्याला द्यावी. न मागितली तर रिकामी राहू द्यावी. त्याला ती घे म्हणून आग्रह करू नये. दगडावर काय लिहायचे हे त्याने सांगावे. काहीच न सांगितल्यास काहीच लिहू नये. मला माझ्या पत्नीशेजारी ठेवावे, सोबत साधे, काळ्या लेपाचे, पाणी राहील असे भांडे द्यावे.

सातवे आणि शेवटचे कलम लिहिण्यापूर्वी मी लिहिणे तसेच ठेवून भट्टीकडे गेलो. मिर्ताले गेल्यापासून मी त्याला विचारलेले नाही. पण मृत्युपत्रात माणसाने निदान नाव तरी खरे लिहावे, म्हणून वाटले की एकदाच, शेवटचे. तो भट्टीत भांडी रचत होता, मोठी खाली, छोटी वर, मधे मातीच्या ठिकऱ्या घालून. मी म्हणालो, ‘‘तुला एक विचारायचं होतं.’’

पूर्वी असे म्हटले की तो वैतागून ‘‘परत तेच का?’’ म्हणायचा. आज त्याने हातातले भांडे खाली ठेवले. हात फडक्याला पुसले. माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘विचार.’’

त्याच्या आवाजावरून मला कळले की आज तो उत्तर देणार आहे. कोणते, ते कळले नाही. तो म्हातारा झाला आहे हे मी नीट पाहिले नव्हते. भुवया पांढऱ्या झाल्या आहेत, उजवा खांदा उतरला आहे. तो हो म्हणाला असता तर इतकी वर्षे त्याने मला आणि मिर्तालेला का छळले हे मला विचारावे लागले असते. नाही म्हणाला असता तर माझी बहीण परक्याला भाऊ समजून मेली असे मला मानावे लागले असते. तो उभा होता, मी उभा होतो, आणि भट्टीचे तोंड उघडे होते.

मी विचारले, ‘‘जेवलास का?’’

‘‘नाही अजून,’’ तो म्हणाला.

‘‘चल मग.’’

आम्ही भट्टीच्या पायरीवर बसून खारवलेला कुपा आणि उकडलेले हरभरे खाल्ले. त्याने काटे काढून माझ्या बाजूला मासा सरकवला. माझे डोळे अलीकडे काट्यांना चालत नाहीत. आम्ही पावसाविषयी आणि त्रेबिसच्या लंगड्या घोडीविषयी बोललो. मग तो भट्टी रचायला गेला आणि मी आत येऊन हे उरलेले लिहायला बसलो.

म्हणून सातवे कलम असे: तो कोण आहे हे माझ्यामागे त्याला कोणी विचारू नये. त्रेबिसने नाही, थेआनोने नाही, नगरप्रमुखाने नाही, आळीतल्या कोणीही दारू पिऊन किंवा न पिता नाही. त्याला आपण होऊन सांगावेसे वाटले तर ऐकून घ्यावे आणि त्याच्या पुढ्यात पान वाढावे. जो विचारील, त्याचा या मृत्युपत्रातला वाटा त्या क्षणापासून रद्द समजावा, मग तो माझा रक्ताचा असो वा नसो.

हे मी वाचून पाहिले. बरोबर आहे की नाही सांगता येत नाही. पण माझे आहे.

दामिस, फ्रासोनचा मुलगा. स्वहस्ते, शिक्का सोबत.

साक्षीदार:
एउक्सेनोस, हेरामंदिराची झाडलोट पाहणारा. सही.
विबिस, मारासचा मुलगा, तांबट. सही लुकानी अक्षरांत.
लिसान्द्रा, सुईण. आमच्यात बायकांची साक्ष धरत नाहीत. तरी मी आग्रहाने घेतली आहे.

स्थळ: पोसिदोनिया, नदीवेस. स्तेनिसनंतरचे दुसरे नगरप्रमुख पाक्विस यांचे वर्ष, द्राक्षे उतरवण्याच्या आधीचा महिना, चंद्रकोर दिसल्याचा दिवस.